वाफ्याची उंची

रविवार, २ फेब्रुवारी

आज मागच्या अंगणाचं माप घेतलं. अंगण म्हणणं जरा जास्तच होतं. खोलीचं मागचं दार आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये फरशी घातलेली एक पट्टी आहे, एवढंच. कपडे वाळत घातले की माणसाला तिरकं होऊन चालावं लागतं. पण ऊन दुपारपर्यंत असतं, नळ आहे, विजेचा बोर्ड दाराशीच आहे. माशांची टाकी, भाजीचा वाफा आणि खालची टाकी, तिन्ही मावतील असं दिसतंय.

मग घरमालकांना विचारायला गेले. ते पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "मासे? पाळायला का खायला?"

"पाळायला. त्यांचं पाणी भाजीला द्यायचं. भाजीतून ते स्वच्छ होऊन परत माशांकडे येतं."

"म्हणजे माशांच्या शी-शूवर भाजी."

"हो. तसंच."

"मग मला देऊ नका." मग पेपर खाली घेतला. "हे बघा, फरशी फोडायची नाही. खड्डा नको, भोक नको. तेवढं सोडून समुद्र आणून ठेवलात तरी चालेल."

हे सगळं आईसाठी आहे, हे त्यांना सांगितलं नाही. आईने अजून येते म्हटलेलं नाही. फोन केला की ती म्हणते, "येऊन करू काय तिथं? तू जाणार ऑफिसला. मी भिंतीशी गप्पा मारत बसू?" तिचं बरोबर आहे. दादाकडे तिला दिवसभर काम असतं, दादाची मुलगी सांभाळायची, स्वयंपाक बघायचा. इथे एक खोली आहे, एक मोरी, आणि संध्याकाळपर्यंत कुणी नाही. म्हणून तिच्यासाठी काहीतरी वाढणारं हवं. भाजीला हात लावल्याशिवाय आईला चैन पडत नाही.

आज पुन्हा म्हटलं, "आठ दिवस तरी ये." जास्त सांगितलं तर तिला भिडस्तपणे हो म्हणावं लागेल, असं वाटलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर मी दुसऱ्यांच्या घरांतल्या नळांचे आराखडे काढते. आज पहिल्यांदा स्वतःसाठी काढला. जेवणाच्या सुट्टीत, आणि कागद घरून नेलेला. ऑफिसचा वापरला नाही.

आम्हाला शिकवलं आहे की आधी एक उंची पक्की करायची आणि बाकी सगळ्या तिच्यावरून काढायच्या. ज्या पुस्तकावरून मी हे करते आहे त्यात माशांच्या टाकीपासून सुरुवात केली आहे. मी वाफ्यापासून केली. आईचे गुडघे दुखतात, कंबर धरते. तिला वाकायला लागता कामा नये. म्हणजे वाफ्याचा काठ तिच्या कोपराच्या जरा खाली हवा. उभ्या उभ्या हात टेकला की मुळं हाताशी.

आईच्या कोपराची उंची मला ठाऊक नाही. फोनवर विचारलं असतं तर सगळं फुटलं असतं. म्हणून स्वतःवरून काढली. आई माझ्यापेक्षा थोडी उंच आहे. वसतिगृहात जायला निघाले तेव्हा माझं डोकं तिच्या कानाशी येत होतं, हे मला नीट आठवतं. वाफ्याचा काठ शहाण्णव सेंटिमीटर धरला.

मग बाकीचं आपोआप पडत गेलं. वाफा एक फूट खोल, मातीऐवजी खडीने भरलेला. त्याच्या खाली पाणी स्वतःच्या वजनाने उतरायला हवं, म्हणून जमिनीवर बुटकी टाकी, तिच्यात पंप. पंप एकच, तोही सगळ्यांत खाली. तो पाणी उचलून माशांच्या टाकीत टाकणार. माशांची टाकी ठोकळ्यांवर, इतकी उंच की तिचं पाणी वरच्या काठाशी असलेल्या पाइपातून ओसंडून आपलं आपण वाफ्यात जाईल.

वरून ओसंडतं ही यातली मुख्य गोष्ट आहे. वीज गेली, पंप जळला, पाइप निखळला, काहीही झालं तरी माशांच्या टाकीतलं पाणी त्या पाइपाच्या खाली जाणार नाही. काय काय बिघडू शकतं याचा विचार करणं मला चांगलं जमतं. तेवढं एक खरंच जमतं.

आराखड्याचा फोटो दादाच्या फोनवर पाठवला. गुपिताचं काय करायचं ते नंतर बघू, राहवलं नाही. थोड्या वेळाने आईचा फोन. "अक्षर किती सुरेख आहे गं तुझं! दादाला म्हटलं वाचून दाखव, तर म्हणतो सगळे आकडेच आहेत." मला इतका आनंद झाला की हे काय आहे ते सांगायचंच राहिलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाइपांच्या दुकानात गेले. मी यादी वाचत होते आणि दुकानदार काउंटरवर एकेक एल्बो, पाइप वळवायचा काटकोनी तुकडा, मांडत होता. मध्येच थांबला.

"ताई, बिल्डिंग कितव्या मजल्यापर्यंत आहे?"

"अंगणात ठेवायचं आहे."

"अंगणात? एवढे एल्बो? पाणी निम्म्या रस्त्यात विसरून जाईल कुठं निघालं होतं ते."

बाजूचं गिऱ्हाईक हसलं. मीही हसले, पण कान तापले. खरं तर त्याचं बरोबर होतं. कागदावर काटकोन सुंदर दिसतात म्हणून मी जिथे तिथे काटकोन घातले होते. घरी येऊन चार वळणं काढून टाकली. उद्या एल्बो परत करायला जायचं. तो काय म्हणेल याचा विचार करण्यात जेवण थंड झालं.

रविवार, १६ फेब्रुवारी

फरशीला उतार आहे! मोरीकडे चांगला तीन बोटं. आराखड्यात मी जमीन सपाट धरली होती, कारण आराखड्यात जमीन नेहमी सपाटच असते.

मग पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढायला बसले. पद्धत सोपी आहे. नळीचं एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येतं. पुस्तकात चित्रात दोन माणसं दाखवली आहेत. मी एक टोक चिकटपट्टीने भिंतीला लावलं आणि दुसरं घेऊन पलीकडे गेले. तोवर चिकटपट्टी सुटली आणि सगळं पाणी माझ्या वहाणांत. दुसऱ्यांदा खिळ्याला दोरीने बांधलं. मग इकडची खूण करायची, धावत तिकडे जाऊन बघायचं, तिकडे बघून परत इकडे यायचं. घरमालक खिडकीतून बघत होते. "कवायत चाललीय?" म्हणाले. "हो," म्हटलं. कुणाला तरी "जरा हे धरता का" म्हणावं इतकी साधी गोष्ट होती. ती न म्हणता मी पुन्हा पलीकडे धावले.

पण पातळी बरोबर निघाली. तीनदा तपासली.

शनिवार, १ मार्च

पाणी सुरू केलं.

पंप गुणगुणला, वरच्या टाकीत धार पडायला लागली, टाकी भरली, आणि बघता बघता पाणी काठाच्या पाइपातून वाफ्यात गेलं. खडीत हळूहळू चढलं. मग सायफनने, म्हणजे वाफा भरला की सगळं पाणी ओढून खाली सोडणाऱ्या नळीने, एकदम घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि सगळा वाफा खालच्या टाकीत रिकामा झाला. परत भरायला लागला. मी टाळी वाजवली. एकटीने टाळी वाजवली की फार मोठा आवाज होतो.

एक मजा. जेवताना तीनदा ताटावरून उठले. पाणी वाहतंय म्हटलं की माझे पाय आपोआप नळाकडे जातात. आमच्या गल्लीत नळ टोकाला एकच होता आणि कुणी तो वाहता ठेवला तर आई हातातलं काम टाकून पळायची. "कुणाच्या बापाचं पाणी आहे रे!" हा तिचा आवाज अख्ख्या गल्लीला माहीत. आज तिसऱ्यांदा उठल्यावर स्वतःलाच म्हटलं, बस खाली, हे वाहायलाच हवं आहे.

मासे आणायला अजून महिना. आधी पाण्यात ते अदृश्य जंतू तयार व्हायला हवेत, जे माशांची घाण झाडांच्या खतात बदलतात. घाई केली तर मासे मरतात. मला घाई करायची भीती वाटते, हे या कामात चांगलंच आहे.

रविवार, ९ मार्च

आईने येते म्हटलं! एप्रिलच्या मध्याला. दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, तेव्हा कारखान्यातून सुट्टी आहे, ती मुलीजवळ थांबेल. दादा फोनवर म्हणाला, "नेतेस तर ने बाईसाहेब आमच्या आईला. पण परत पाठव हां." हसत म्हणाला. मीही हसले.

आज व्हॉल्व्हना चिठ्ठ्या लावल्या. सहा व्हॉल्व्ह आहेत आणि आई दिवसभर इथे एकटी असणार, तिला कुठलाही गोंधळ वाटायला नको. ऑफिसात आम्ही आराखड्यावर लिहितो तशा सरळ उभ्या अक्षरांत लिहिल्या, वर प्लॅस्टिक लावलं. "माशांच्या टाकीकडे." "सफाईचा." "जास्तीचं पाणी." पंपावरचा सगळ्यांत महत्त्वाचा, त्याच्यावर टाकीतली हवा अवलंबून आहे, कारण धार वरून पडते तेव्हाच पाण्यात हवा मिसळते. त्याला लाल पट्टी आणि मोठ्या अक्षरांत "हा कधीही बंद करू नये". आता चुकायला जागाच नाही.

रविवार, ३० मार्च

मासे आले. बारा गोल्डफिश. विकणाऱ्याने पिशवीत मोजून घातले तरी मी घरी येऊन पुन्हा मोजले. पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली. मग तोंड उघडलं तर कुणी बाहेर येईना. एकजण आला, बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी कॉलेजात मी अशीच दारात उभी होते.

पालक आणि पुदिना लावला. पुदिन्याची काडी खडीत खोचताना वाटलं, हे आईने करायला हवं होतं. पण ती येईल तेव्हा वाफा रिकामा दिसायला नको.

शनिवार, १२ एप्रिल

आई आली.

स्टँडवर मी तिला ओळखलं नाही. म्हणजे एक म्हातारी छोटी पिशवी घेऊन खांबाशी उभी होती, आणि मी तिच्यावरून नजर पुढे नेली. मग तिनेच हाक मारली. कधी एवढीशी झाली? माझ्या खांद्याला लागते. गेल्या वर्षी भेटले तेव्हा ती बसलेलीच होती सगळा वेळ, मांडीवर दादाची मुलगी होती.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता तिला मागे नेलं. ती दारात थांबली. "अगं बाई! हे सगळं तू केलंस?"

"हो."

"एकटीने?"

"हो."

"कुणाला हाताशी तरी घ्यायचंस." मग मासे बघितले, बराच वेळ. "हा काळ्या ठिपक्याचा दांडगट दिसतोय. खाऊ देत नाही बघ दुसऱ्यांना. तुझ्या दादावर गेलाय."

मग ती वाफ्याशी आली. काठ तिच्या छातीशी आला. तिने हात वर करून पालकाचं एक पान बोटांनी चाचपलं, एखाद्या उंच फळीवरचा डबा काढावा तसं. म्हणाली, "छान आहे गं. भरपूर आहे."

उंच आहे असं म्हणाली नाही. थोड्या वेळाने मी मोरीतून बाहेर आले तर ती बादली उपडी घालून तिच्यावर चढली होती. ते दुखरे गुडघे घेऊन. काठाला धरून पिवळी पानं खुडत होती. मी ओरडलेच. ती म्हणाली, "ओरडू नकोस, पडेन." दोघी हसलो. मला मात्र रडू येत होतं. एक उंची पक्की करायची होती, आणि नेमकी तीच मी डोक्यातून घेतली.

सोमवार, १४ एप्रिल

ऑफिस. आज सरकारी सुट्टी, पण आमचं चालू. निघताना आईला सगळं दाखवलं. "हे बघ, सगळं लिहून ठेवलंय. काही वाटलं तर बघायचं."

"हो हो. तू जा, उशीर होईल."

संध्याकाळी आले तर खोली पुसलेली, भांडी आरशासारखी, माझी ऑफिसची साडी इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली. "पाणी सारखं वाहतं गं तुझ्याकडे," म्हणाली. "झोपू देत नाही दुपारी. सारखं वाटतं कुणीतरी नळ उघडा टाकला."

"सवय होईल," मी म्हटलं.

मंगळवार, १५ एप्रिल

सात मासे मेले.

ऑफिसातून आले तर अंगण गप्प. ती शांतता दारातच कळली. पंप गुणगुणत होता पण धार पडत नव्हती. मासे सगळे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते, काही आडवे. दिवसभरच्या उन्हाने पाणी कोमट झालेलं. पंपावरचा व्हॉल्व्ह बंद होता. लाल पट्टीचा.

मी तो उघडला. हाताने पाणी उडवत राहिले, तांब्याने वरून ओतत राहिले. पाच वाचले. काळ्या ठिपक्याचा वाचला.

आई दारात उभी. "मी केलं का हे?"

"तो व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"मीच केला. पाणी वाया चाललं होतं. तू येईपर्यंत दिवसभर वाहणार म्हटलं. एवढे नळ, कुठला फिरवायचा कळेना. मग बघितलं, एकालाच लाल पट्टी बांधलीयस. म्हटलं, पोरीनं माझ्यासाठी खूण करून ठेवलीय."

"आई, त्याच्यावर लिहिलंय ना पण! एवढ्या मोठ्या अक्षरांत!"

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. "हो गं," म्हणाली. "लिहिलंय खरं."

मी तांब्या जागेवर ठेवला. "असू दे" म्हटलं. जेवताना परत "असू दे" म्हटलं. तिने दोन घासांत जेवण उरकलं. मला कळत नाही, जी चूक होऊ नये म्हणून मी सगळ्यांत मोठी अक्षरं काढली, तीच कशी झाली. याहून स्पष्ट काय लिहायचं?

बुधवार, १६ एप्रिल

सकाळी ऑफिसात एका आराखड्यावर व्हॉल्व्हचं नाव लिहीत होते. लिहिता लिहिता हात थांबला.

आईला वाचता येत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तिचा अंगठा आहे. शाई पुसायला फडकं मीच आणून द्यायचे. मला औषधाची बाटली वाचायला लावते, बसची पाटी विचारते. पण या दोन महिन्यांत त्या वाफ्याशी उभी असलेली जी आई मी डोळ्यांपुढे आणत होते, ती माझ्यापेक्षा उंच होती आणि तिला सगळं वाचता येत होतं.

आणि तिला मी काल काय म्हटलं! "लिहिलंय ना!" आणि ती "हो" म्हणाली. मला लाज वाटू नये म्हणून म्हणाली, की तिला स्वतःला वाटली म्हणून, ते मला ठरवता येत नाही. दुपारभर माझ्याने काम झालं नाही. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. होय म्हटलं.

घरी आले तेव्हा आई मागच्या अंगणात पायरीवर बसली होती, पाण्याच्या धारेकडे बघत. राखण करत असल्यासारखी. "बंद केलं नाही हो आज," म्हणाली. "हात शिवशिवत होते. पदरात बांधून ठेवले."

मी तिच्याशेजारी बसले. माफी मागायची होती. ती मागायची तर तिला वाचता येत नाही हे तोंडाने बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, "पाणी वाया जात नाही यात. तेच तेच फिरतं." आणि बोटाने दाखवलं, इथून वर, वरून वाफ्यात, वाफ्यातून खाली, परत वर. तिने एकदा माझ्याबरोबर बोट फिरवलं. मग एकटीने फिरवलं. "म्हणजे एकदा भरलं की भरलं?"

"थोडं उडून जातं उन्हाने. तेवढं घालायचं."

"असं सांग ना मग," म्हणाली. "मला वाटलं नगरपालिकेला तुझी दया आलीय."

गुरुवार, १७ एप्रिल

आज टेप घेऊन आईला भिंतीशी उभं केलं. हात कोपरात वाकवायला लावला.

"ब्लाउज शिवतेस का?"

"वाफा खाली आणणार आहे. तुझ्या मापाचा."

"अगं पण एवढं सगळं पाडायचं? किती कष्टाने केलंस."

"पाडायचं नाही, उतरवायचं."

कोपर पंच्याऐंशीला आलं. काठ ऐंशीवर हवा. मी आकडा लिहीत होते तेव्हा तिने विचारलं, "पण कुणासाठी गं? मी तर शनिवारी जाणार."

"तू परत येशील तेव्हा."

"हो, ते आहे," म्हणाली, आणि टेप हातात घेऊन नीट गुंडाळून दिली. बराच वेळ गुंडाळत होती.

शनिवार, १९ एप्रिल

आईला बसमध्ये बसवून आले.

स्टँडवर आम्ही लवकर पोचलो. मी उशीर होईल म्हणून नेहमी लवकर पोचते, मग बसून राहावं लागतं. आई म्हणाली, "दादाला आठ दिवसांचं सांगून आले होते. तू आठ दिवस म्हणालीस ना."

"हो."

"कपडेही तेवढेच आणले." थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वेळी किती दिवसांसाठी बोलावशील?"

मी म्हटलं, "तुला जमेल तेवढे."

तिने मान हलवली. बस लागली. खिडकीतून म्हणाली, "त्या काळ्या ठिपक्याला जास्त घालू नकोस, माजलाय." बस वळली तरी मी हात हलवत होते, तो कुणाला दिसत होता कोण जाणे.

मी बरोबर बोलले असं वाटतंय. दबाव आणला नाही. तिकडे दादाची मुलगी तिच्याशिवाय जेवत नाही, वहिनीचं काम आहे. दादाने शाळा सोडली ती मला शाळेत घातलं त्या वर्षी. हे घरात कुणी कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मला ते सारखं ऐकू येतं. आता त्याच्याकडून आईही मागायची का?

रविवार, २७ एप्रिल

वाफा उतरवला. दोन रविवारांचं काम होईल वाटलं होतं, एकात झालं.

अडचण खालच्या टाकीची होती. वाफा सोळा सेंटिमीटर खाली आला की खालच्या टाकीला जागाच उरत नव्हती, आणि फरशी खोदता येत नाही. तिला बुटकी करायची तर पाणी मावेना. शेवटी जनावरांना पाणी ठेवतात तसला पसरट टब आणला, खोली कमी, रुंदी दुप्पट. पाणी तेवढंच मावतं. माशांची टाकीही ठोकळ्यांवरून तेवढीच खाली आणली. मासे तोवर मोठ्या बादलीत. सगळं जोडून पाणी सोडलं आणि सायफनने पहिल्याच फेरीला घोट घेतला.

चिठ्ठ्या काढल्या. त्यांच्या जागी रंग लावले. जो फिरवायचाच नाही त्याचा दांडाच काढून डब्यात ठेवला.

आता वाफा आईला बरोबर आहे. मला फार खाली आहे. पालक खुडायला वाकावं लागतं, आणि संध्याकाळी कंबर भरून येते. या घरात रोज वाफ्याशी उभं राहणारं माणूस एकच आहे आणि वाफा त्याच्या मापाचा नाही. ऑफिसात कुणी असा आराखडा आणला असता तर मी परत पाठवला असता.

रविवार, ४ मे

पालक इतका आला आहे की एकटीने संपत नाही. घरमालकांना नेऊन दिला. "माशांचा?" म्हणाले, आणि घेतला.

मग आईला फोन केला. तिने आधी माशांचं विचारलं, मग पाण्याचं. मी म्हटलं, वाफा खाली आणला. ती म्हणाली, "तुला वाकावं लागत असेल मग." तिला न बघता कळलं.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. "आई, राहायला ये."

"येईन की. वहिनीला सुट्टी मिळाली की."

"तसं नाही. राहायला."

"राहायला म्हणजे?"

"म्हणजे परत जायचं नाही."

तिकडे काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला. मागे दादाची मुलगी काहीतरी आपटत होती, म्हणजे कटला नव्हता. मी म्हणणार होते, तुला अवघड असेल तर राहू दे, जमेल तसं बघ. पहिला शब्द जिभेवर आलाही होता. पण तेवढ्यात आई बोलली, अगदी हळू, तोंडाशी हात धरल्यासारखी.

"इतके दिवस बोलली का नाहीस गं? मला वाटलं, तुझं सगळं आपलं आपण चालतं. पंपसुद्धा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादाच्या पोरीला मी सांगेन समजावून. वहिनीलाही सांगेन," ती म्हणाली. "पण दादाला तू सांग. मला नाही जमायचं. त्याच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही."

आता दादाचा नंबर लावून फोन डाव्या कानाशी धरला आहे, आणि उजव्या हाताने हे लिहिते आहे, कारण हात मोकळा राहिला तर मी फोन ठेवून देईन. काय बोलायचं ते ठरवलं आहे. मुलीला सुट्टीत माझ्याकडे ठेव म्हणेन. तुम्ही सगळे येत जा म्हणेन. पण ते नंतर. आधी सरळ म्हणायचं, दादा, आई मला हवी आहे. तिला सोबत म्हणून नाही. मला.

रिंग वाजते आहे. रविवार आहे, झोपला असेल. अजून वाजते आहे. नंतर करावा का?

उचलला.